नेटकोडचं गणित आणि डोरोन्जोची टोळी

पावणेसतरा
शेजारच्या धाग्यावर 'तात्सुनोको विरुद्ध कॅपकॉम' या फायटिंग गेममधल्या डोरोन्जो या खलनायिकेबद्दल बोलता बोलता गाडी "शंभर एमबीपीएसचं फायबर आहे, तरी मॅच अडखळते" या फलाटावर येऊन थांबली. म्हणून हा वेगळा धागा. डोरोन्जोला इथे मज्जाव नाही, पण आधी नेटकोड, म्हणजे दोन घरांतला गेम नेटवरून जुळवून ठेवणारी यंत्रणा.

वेग हा मुद्दाच नाही. फायटिंग गेम नेटवरून चित्रं पाठवत नाही. दोन्ही घरांत गेम स्वतंत्रपणे चालतो आणि एकमेकांना कळवायची असतात ती फक्त बटणं: कितव्या फ्रेमला स्टिक कुठे होती आणि काय दाबलेलं होतं. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं), म्हणजे सेकंदाला ६० पॅकेट. एका पॅकेटला आयपी आणि यूडीपीची वेष्टणं मिळून २८ बाइट, आत बटणांचे समजा ३० बाइट. ५८ गुणिले ६०, म्हणजे सेकंदाला साडेतीन किलोबाइट. जुन्या डायल-अपवरही हे जेमतेम मावलं असतं. शंभरचे तीनशे एमबीपीएस केले तर सिनेमा लवकर उतरेल, 'स्ट्रीट फायटर'मधल्या रियूचा हाडोकेन (त्याचा आगगोळा) नाही.

खरी अडचण वेळेची. एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची (माझ्या नावाचा उगम कळला असेल). समोरच्याचं बटण माझ्यापर्यंत यायला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर मधल्या तीन फ्रेम मी काय दाखवायचं? याची दोन उत्तरं आहेत.

जुनं उत्तर: थांबा. माझं बटणही तीन-चार फ्रेम राखून ठेवायचं आणि दोघांची बटणं हातात आली की एकदम चालवायची. याला डिले पद्धत म्हणतात. नेट एकसारखं असेल तोवर ठीक. एखादं पॅकेट उशिरा आलं की गेम जागच्या जागी थिजतो. ते टाळायला डिले वाढवला की सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं.

नवं उत्तर: रोलबॅक. समोरच्याचं बटण आलं नाही तरी अंदाज बांधून पुढे जायचं. खरं बटण आल्यावर अंदाज चुकलेला निघाला तर जपून ठेवलेल्या जुन्या फ्रेमवर परत जायचं, खरं बटण घालून मधल्या फ्रेम पुन्हा चालवायच्या आणि आजच्या फ्रेमला येऊन उभं राहायचं. हे सगळं त्याच १६.६७ मिलिसेकंदांत उरकायचं. डोळ्यांना दिसतो तो फक्त शेवट.

हे रुळवलं टोनी कॅननने, जीजीपीओ नावाच्या आपल्या प्रणालीतून. २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आलेल्या 'स्ट्रीट फायटर २ हायपर फायटिंग'चं ऑनलाइन इतकं रडतखडत चालायचं, की त्यातून हे काम उभं राहिलं. २०१९ मध्ये ते मुक्त परवान्याखाली खुलं झालं.

मोगरा
लेख आवडला. एक शंका. अंदाज बांधायचा म्हणजे नेमकं काय करतात? आत कुठलं एआय वगैरे बसवलेलं असतं का?

पावणेसतरा
छे हो. अंदाज एकच: "मागच्या फ्रेमला जे दाबलं होतं तेच आत्ताही दाबलेलं आहे." बस. माणसाचा हात सेकंदाला ६० वेळा बदलत नाही. मागे चालणारा दहा-वीस फ्रेम मागेच चालतो, बसून ब्लॉक करणारा बसलेलाच राहतो. नुसतं एक बटण टिचकीसारखं दाबलं तरी ते चार-पाच फ्रेम दाबलेलं असतं. त्यामुळे बहुतेक फ्रेमांना हा बावळट अंदाज बरोबर ठरतो. चुकतो तो फक्त बदलाच्या क्षणी: उडी सुरू झाली, लाथ निघाली, ब्लॉक सुटला.

हुशार अंदाज बांधला आणि तो चुकला, तर न मारलेला ठोसा पडद्यावर दिसतो आणि मग गायब होतो. त्यापेक्षा काहीच न बदलण्याचा अंदाज चुकलेला परवडला. चूक झालीच तर घडलेली गोष्ट उशिरा दिसते. न घडलेली दिसत नाही.

खालून_लाथ
बाकी सगळं मान्य. पण रोलबॅक म्हणजे लॅग गेला असं जे लोक छातीठोकपणे सांगत फिरतात ते चूक आहे. हिशेब करून बघा.

एका बाजूचं अंतर ३ फ्रेम, समोरच्याने २२ फ्रेमांत लागणारा ओव्हरहेड (उभं राहूनच ब्लॉक करावा लागणारा वार) काढला. डिले पद्धतीत डिले ३: ओव्हरहेड पहिल्या फ्रेमपासून दिसतो, पण माझा ब्लॉक ३ फ्रेम उशिरा लागू होतो. हातात राहिल्या १९. रोलबॅकमध्ये डिले १ आणि रोलबॅक २: ओव्हरहेड मला तिसऱ्या फ्रेमपासून दिसणार, म्हणजे २ गेल्या, माझा ब्लॉक १ फ्रेम उशिरा. हातात राहिल्या १९.

तेवढ्याच! प्रकाशाला कुणी घाई करू शकत नाही. अंतराची किंमत दोन्हीकडे सारखीच मोजावी लागते, फक्त खिसा वेगळा.

पावणेसतरा
हिशेब चोख. दोन गोष्टी जोडतो.

एक, डिले पद्धतीत नुसत्या ३ वर भागत नाही. पॅकेट मागेपुढे होतात म्हणून उशी ठेवावी लागते आणि ३ चे ५ होतात. मग तुमच्याच हिशेबाने हातात १७. दोन, आणि हीच मोठी गोष्ट: ओव्हरहेड सामन्यात चार वेळा येतो, स्वतःचे हात मात्र सामनाभर चालू असतात. डिले पद्धतीत प्रत्येक कॉम्बो, प्रत्येक लिंक (एका वारामागून नेमक्या वेळी जोडलेला दुसरा), प्रत्येक अँटी-एअर (उडी मारून येणाऱ्याला पाडणारा वार) त्या डिलेतून जातो, आणि डिले मध्येच बदलला तर हाताची सवयच कोलमडते. २००९ च्या 'स्ट्रीट फायटर ४'मधले एका फ्रेमचे लिंक आठवा. घरी ट्रेनिंग मोडमध्ये दहापैकी नऊ लागायचे, ऑनलाइन तीन. रोलबॅकमध्ये डिले १ किंवा २ वर ठाम राहतो आणि अंतराचा उरलेला भार चित्रावर पडतो, हातावर नाही.

चार फ्रेमांचा जॅब (झटपट हलका ठोसा) रोलबॅक २ मध्ये फक्त दोन फ्रेम दिसेल म्हणून काही जण गळा काढतात. चार फ्रेमांचा जॅब बघून ब्लॉक करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कसलेल्या खेळाडूलाही बघून प्रतिसाद द्यायला तेरा-पंधरा फ्रेम लागतात.

तिरपागडा
हरलो की लॅग, जिंकलो की कसब. नाचता येईना अंगण वाकडं. चालू द्या.

लुकडी_केबल
@तिरपागडा, अंगण खरंच वाकडं आहे का, हे मोजता येतं. कुणाला दोष देण्याआधी हे चार टप्पे करा.

पहिला टप्पा: दुसरं काही चालू नसताना कमांड प्रॉम्प्टमधून स्वतःच्या राउटरला १०० वेळा पिंग करा, म्हणजे पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१). केबलवर सगळे आकडे १ मिलिसेकंदाच्या आत हवेत. वाय-फायवर २ ते ५ चालतील. मध्येच ४०, ८०, १५० असे खांब उभे दिसले तर बिघाड घरातच आहे. कंपनीला फोन करू नका.

दुसरा टप्पा: ट्रेसरूट (पॅकेट वाटेत कुठल्या पत्त्यांवरून जातं ते दाखवणारी कमांड) चालवून राउटरनंतरचा पहिला उत्तर देणारा पत्ता शोधा आणि त्याला १०० वेळा पिंग करा. इथे सरासरीपेक्षा चढउतार बघायचा. कायम १२ असेल तर उत्तम. ५ ते ६० नाचत असेल तर सरासरी कितीही छान असो, खेळ खराबच होणार. मधल्या कुठल्या तरी पत्त्यावर पॅकेट गळताना दिसले आणि त्याच्या पुढच्या पत्त्यावर गळत नसतील, तर दुर्लक्ष करा. तो राउटर पिंगला उत्तर द्यायचा आळस करतोय, रहदारी नीट जातेय.

तिसरा टप्पा: हेच पिंग चालू ठेवून घरातल्या दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. २० चे ३०० झाले तर त्याला बफरब्लोट म्हणतात. अपलोडची रांग राउटरमध्ये तुंबते आणि तुमचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. घरात कुणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की मॅच का मरते याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

चौथा टप्पा: वाय-फाय बंद करून केबल लावा आणि पहिले तीन टप्पे पुन्हा करा. आता जो फरक दिसेल तो निव्वळ वाय-फायचा.

कॅट-५ई केबल पुरते. इथेरनेटची मर्यादा १०० मीटर आहे, आपल्या फ्लॅटमध्ये तेवढी भिंतच नसते. कॅट-८ सोन्याचं टोक म्हणून विकतात, त्याने पिंग केसभरही कमी होत नाही.

मोगरा
भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला मालक परवानगी देत नाहीत. मग?

लुकडी_केबल
दाराच्या चौकटीवरून चपटी केबल आणि चिकटपट्टीच्या क्लिपा. तेही नको असेल तर मग ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय, राउटर त्याच खोलीत. २.४ वर शेजाऱ्यांचे पंधरा राउटर, मायक्रोवेव्ह आणि तुमचा स्वतःचा ब्लूटूथ कंट्रोलर, सगळे एकाच बोळात गर्दी करतात. लॅपटॉप असेल तर आणखी एक गोम: वाय-फाय कार्ड मधून मधून आजूबाजूची नेटवर्क हुंगत बसतं आणि तेवढा वेळ पॅकेट अडतात. ठरावीक अंतराने एकच उंच खांब दिसत असेल तर तो हाच.

पॉवरलाइन अडॅप्टर घरच्या वायरिंगवर अवलंबून असतो. जुन्या इमारतीत पंखा-मिक्सर चालू झाला की तो नाचतो. परत करता येईल अशाच दुकानातून घ्या.

हाडोकेन_हडपसर
केबल, पिंग सगळं स्वच्छ, तरी ठरावीक लोकांशी जोडणीच होत नाही. लॉबी दिसते, मॅच सुरू करताना एरर. याचं काय?

लुकडी_केबल
हे पिंगचं नाही, एनएटीचं दुखणं (अनेक यंत्रं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवायची राउटरची पद्धत). बरेचसे फायटिंग गेम थेट घर ते घर जोडतात, त्यासाठी दोन्ही राउटरना एकमेकांकडे वाट करून द्यावी लागते.

राउटरच्या पानावर 'वॅन'चा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटलाय. घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी पालथ्या घड्यावर पाणी. कंपनीकडे सार्वजनिक किंवा स्टॅटिक आयपी मागा, बहुतेक ठिकाणी महिन्याचं वेगळं शुल्क असतं.

वॅनचा आयपी १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक आहेत: कंपनीचा फायबरचा डबा आणि त्याला जोडलेला तुमचा. यातला एकच राउटर म्हणून ठेवा. एक तर डबा ब्रिज मोडला टाका, नाही तर तुमचा ॲक्सेस पॉइंट मोडला. दोन्ही राउटर ठेवून दोन्हीकडे पोर्ट उघडत बसणं म्हणजे आधी कळस मग पाया.

सिंगापूरकर
इथे महाराष्ट्राबाहेरचेही बरेच जण आहेत, म्हणून अंतराचा अंदाज देतो. काचेच्या तंतूत प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन पिंगमध्ये दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. मुंबईहून सरळ रेषेत दुबई साधारण १,९०० किलोमीटर, सिंगापूर ३,९००, टोकियो ६,७००, लंडन ७,२००. म्हणजे पिंगचा तळ १९, ३९, ६७ आणि ७२. याच्या खाली कुणीच जाऊ शकत नाही. समुद्री केबल सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात दीडपट ते दुप्पट धरा.

थोडक्यात, मुंबई-दुबई आणि मुंबई-सिंगापूर चांगल्या रोलबॅकवर आरामात खेळता येतं. मुंबई-लंडन चालतं, पण चित्र उड्या मारतं. न्यू जर्सीच्या मंडळींशी गप्पा माराव्यात. खेळायचंच असेल तर आळीपाळीने चालणारं काही तरी खेळावं.

खालून_लाथ
फाइटकेडवर (जुने आर्केड गेम रोलबॅकसह ऑनलाइन खेळायची जागा) डिले हाताने ठेवता येतो तिथे माझा ठोकताळा: पिंग ६० पर्यंत डिले १, १२० पर्यंत २, त्यापुढे ३. शून्यावर ठेवून शूरपणा दाखवू नका, समोरचा रॉकेलच्या दिव्यासारखा लुकलुकतो. आणि एकदा ठरवला की रोज बदलू नका, हाताला सवय होऊ द्या.

तिरपागडा
आता खरा प्रश्न. रोलबॅक एवढा गुणी आहे तर सगळ्यांनी पहिल्याच दिवशी का नाही घातला? २००६ ला सापडलेली गोष्ट आणि 'ड्रॅगन बॉल फायटर झी'ला ती मिळाली २०२४ मध्ये. 'स्मॅश अल्टिमेट' २०१८ पासून आजवर डिलेवरच बसलाय.

पावणेसतरा
कारण नंतर बसवायला ते अवघड आहे. तीन अटी आहेत.

एक, गेम पूर्ण ठाम हवा: तीच बटणं, तोच निकाल, दोन्ही यंत्रांवर, शेवटच्या बिटपर्यंत. यादृच्छिक आकडे एकाच बीजातून यायला हवेत, आणि दशांशाचं गणित दोन यंत्रांवर किंचित वेगळं आलं तरी हळूहळू सामने फाटतात. माझ्याकडे मी जिंकलो, तुमच्याकडे तुम्ही.

दोन, संपूर्ण स्थिती क्षणात साठवता आणि परत आणता यायला हवी. कोण कुठे, कितव्या फ्रेमला, किती जीव, हवेत किती गोळे, सगळं.

तीन, एका फ्रेमच्या वेळात सात-आठ फ्रेम चालवता यायला हव्यात. नेदररेल्म कंपनीने आपल्या 'मॉर्टल कॉम्बॅट एक्स'ला २०१६ मध्ये पॅचमधून रोलबॅक लावला आणि २०१८ च्या जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत त्यावर व्याख्यान दिलं. त्याचं शीर्षकच मुळी '१६ मिलिसेकंदांत ८ फ्रेम' असं होतं. मागे जाऊन पुन्हा चालवताना धूळ, ठिणग्या, कपड्यांच्या घड्या गाळायच्या असतात, आणि आवाजाचा घोळ वेगळाच: वाजलेला ठोसा परत गिळता येत नाही.

फ्रेमला १४ मिलिसेकंद खाणारा देखणा गेम आधीच बनवून बसलात तर आठपट काम कुठून आणणार? म्हणून २०२१ चा 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह' किंवा २०२३ चा 'स्ट्रीट फायटर ६' सुरुवातीपासून या हिशेबाने बांधलेले आहेत आणि ते जाणवतं.

आणि रोलबॅक वाईटही बांधता येतो. २०१६ चा 'स्ट्रीट फायटर ५' घ्या. एकाचं घड्याळ पुढे गेलं की समोरच्याची बटणं त्याच्याकडे नेहमीच उशिरा पोचणार, म्हणजे सगळा रोलबॅक त्याच्याच पदरात, आणि समोरच्याला लोण्यासारखं. दोघंही खरं बोलत असतात, एक म्हणतो "मस्त मॅच", दुसरा म्हणतो "नरक". उपाय साधा आहे: पुढे गेलेल्याने अधूनमधून अर्धा श्वास थांबून मागच्याला गाठू द्यायचं. २०२० च्या सुरुवातीला पीसीवर एका चाहत्याने स्वतःच दुरुस्ती लिहून टाकली, आणि कॅपकॉमची अधिकृत दुरुस्ती त्यानंतर फेब्रुवारीत आली. चार वर्षांनी.

बोयाकीभक्त
नेटकोडचं पुरे, डोरोन्जोकडे या! मुळात धागा तिच्यावरून फुटलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'यात्तरमॅन', तात्सुनोको प्रॉडक्शन, १९७७ ते १९७९, १०८ भाग. 'टाइम बोकान' मालिकांमधली दुसरी. नायक यात्तरमॅन, पण मालिका खऱ्या अर्थाने चालवतात ते खलनायक, म्हणजे डोरोन्बो टोळी: मुखवटेवाली म्होरकी डोरोन्जो, लांब नाकाचा यंत्रतज्ज्ञ बोयाकी आणि पैलवान तोंझुरा. वरचा साहेब डोकुरोबे, ज्याचा फक्त आवाज येतो. त्याला डोकुरो स्टोन नावाचे कवटीचे दगड हवे आहेत.

प्रत्येक भाग एकाच साच्यातला. टोळी एखादा बनावट धंदा उघडते आणि लोकांना गंडवून भांडवल जमवते. त्या पैशातून बोयाकी राक्षसी यंत्र बांधतो. डोकुरोबेचा निरोप येतो आणि निरोप आणणारी वस्तू तोंडावर फुटते. दगडाच्या मागावर जातात, यात्तरमॅन येतो, पारडं टोळीच्या बाजूने झुकतं. मग यात्तरवान हा कुत्रा-यंत्र खाऊ खाऊन पोटातून छोट्या यंत्रांची पलटण सोडतो, आणि कवटीच्या आकाराचा धुराचा लोट उठतो. दगड खोटा निघतो. तिघं एकाच तीन सीटच्या सायकलवरून फाटक्या कपड्यांत घरी निघतात आणि वाटेत डोकुरोबेची शिक्षा. पुढच्या आठवड्यात ये रे माझ्या मागल्या.

शेवटी कळतं की ते दगड म्हणजे डोकुरोबेच्याच शरीराचे तुकडे होते. १०८ भाग साहेबाला साहेबाचेच हातपाय शोधून देण्यात गेले. (रहस्य फोडलं, पण जवळपास पन्नास वर्षांनी फोडलं तर चालतं.)

मोगरा
डोरोन्जोचा जपानी आवाज नोरिको ओहारा यांचा, आणि १९७९ च्या 'डोरेमॉन'मध्ये नोबिताचा आवाजही त्यांचाच. तोंझुराचा आवाज काझुया तातेकाबे, म्हणजे तिथला जियान! आपल्याकडे डोरेमॉन हिंदीत पाहिला गेला, त्यामुळे ही गंमत हुकते. जपानी प्रेक्षक शनिवारी जिला शिक्षा होताना बघायचे, तिचाच आवाज पुढे नोबिताच्या तोंडून रडताना ऐकायचे.

बोयाकीभक्त
वा! आणखी एक: या पात्रांची रेखाटनं योशिताका आमानोची, तोच जो पुढे 'फायनल फँटसी'च्या चित्रांसाठी ओळखला गेला. यंत्रं कुनिओ ओकावाराची, ज्याने नंतर लगेच 'गंडम' केलं. म्हणजे गंडमच्या यंत्रांमागचा हात आधी दर आठवड्याला फुटणारी विदूषकी यंत्रं काढून तयार झाला. 'पोकेमॉन'च्या टीम रॉकेटचा साचाही हाच: बाई, पुरुष आणि तिसरा, यंत्र, स्फोट, आकाशात चमक.

तिरपागडा
टीम रॉकेट बरी की डोरोन्बो?

बोयाकीभक्त
डोरोन्बो, निःसंशय. टीम रॉकेट एकाच पिकाचूच्या मागे वर्षानुवर्षं पळते, त्यांना पैसे कुठून येतात हे कुणी विचारत नाही. डोरोन्बोचा मात्र आधी धंदा दिसतो, मग गल्ला, मग यंत्र. दर आठवड्याला बोयाकी काय विकणार हीच अर्धी उत्सुकता. यंत्र फुटतं तेव्हा त्यात त्यांची आठवड्याची कमाई जळते, म्हणून हसता हसता थोडं वाईटही वाटतं. खलनायक वेंधळा असून चालत नाही, कष्टाळूही लागतो. आळशी आणि वेंधळा असेल तर त्याच्या हरण्यात काही उरतच नाही.

पावणेसतरा
म्हणजे जीजीपीओचा अंदाज इथे शंभर टक्के बरोबर: मागच्या आठवड्यात जे झालं तेच या आठवड्यात. रोलबॅकची गरजच नाही.

खालून_लाथ
गेममध्ये मात्र डोरोन्जो उलटीच वागते. बोयाकी आणि तोंझुरा तिच्या वारांमधून मध्येच उगवतात, म्हणजे एका खेळाडूच्या हाताखाली तीन शरीरं. टॅगच्या गेममध्ये (प्रत्येकाकडे दोन पात्रं, मध्येच बदलता येणारी) जोडीदाराची हाक वेगळीच. नेटवर अशी पात्रं डोक्याला ताप. साठवायची स्थिती मोठी होते ते सोडा, बघणाऱ्याचे डोळे एका जागी राहत नाहीत, आणि रोलबॅकने तिसराच कुणी तरी दोन फ्रेम पुढे उगवला तर लक्ष नेमकं दुसरीकडे असतं. 'गिल्टी गिअर'मधल्या झाटोची सावलीही याच जातीची. अशा पात्रांविरुद्ध ऑनलाइन खेळताना पात्राकडे नाही, मधल्या रिकाम्या जागेकडे बघायची सवय लावा.

हाडोकेन_हडपसर
तो गेम आज ऑनलाइन खेळता येतो का?

खालून_लाथ
अधिकृतपणे नाही. जपानमध्ये २००८ ला आलेल्या पहिल्या आवृत्तीत ऑनलाइन नव्हतंच, ते २०१० च्या 'अल्टिमेट ऑल-स्टार्स'मध्ये आलं, तेही डिले पद्धतीचं. निन्टेन्डोने २० मे २०१४ ला वीची (हा गेम ज्या कन्सोलवर आहे त्याची) ऑनलाइन सेवा बंद केली आणि ते संपलं. दोन कंपन्यांच्या पात्रांच्या हक्कांचा गुंता आहे, त्यामुळे पुनर्प्रकाशनही नाही.

वाट उरते ती डॉल्फिन इम्युलेटरच्या (वीचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम) नेटप्लेची, म्हणजे त्यातल्या ऑनलाइन सोयीची. दोघांकडे डॉल्फिनची एकच आवृत्ती हवी, शेवटच्या आकड्यापर्यंत. प्रत आपापल्या डिस्कवरून काढलेली आणि एकाच प्रदेशाची. जपानी आणि अमेरिकी आवृत्त्यांत पात्रंसुद्धा वेगळी आहेत, त्या जुळणार नाहीत. नेटप्लेच्या खिडकीतच चेकसम (दोन प्रती हुबेहूब आहेत का ते सांगणारा आकडा) ताळून बघायची सोय आहे, ती आधी वापरा. वी रिमोटऐवजी गेमक्यूबचा कंट्रोलर निवडा. गेम तो मानतो, आणि वी रिमोट नेटप्लेमध्ये सामने फाटायचं नेहमीचं कारण आहे. यजमान मध्यस्थ सर्व्हरचा कोड घेऊन समोरच्याला देतो. थेट जोडायचं असेल तर यूडीपी २६२६ पोर्ट उघडावा लागतो (सीजीनॅटवाल्यांनी कोडच वापरावा). मग बफर, म्हणजे इथला डिले. पिंगच्या दर १५ मिलिसेकंदांना १ धरून सुरुवात करा आणि अडखळेपर्यंत एकेकाने कमी करत या, अडखळलं की एक वर.

बरोक कॉम्बोवाल्यांना (या गेममध्ये लाल जीव खर्चून वार पुढे लांबवतात ते) सूचना: वार लागताक्षणी जोडीदाराचं बटण आणि हल्ल्याचं बटण एकत्र दाबायचं असतं, आणि बफरमुळे "लागताक्षणी" दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बघून दाबू नका, तालावर दाबा. चुकलात तर लाल जीव उगाच जातो.

मोगरा
डॉल्फिनमध्ये रोलबॅक का नाही? 'स्मॅश मेले'ला तर स्लिपी या चाहत्यांच्या प्रकल्पातून मिळाला, तोही डॉल्फिनवरच.

पावणेसतरा
बरोबर, जून २०२० मध्ये. पण तो फक्त मेलेपुरता. वीची मेमरी २४ आणि ६४ मिळून ८८ एमबी. सात फ्रेम मागे जायचं तर सात प्रती, म्हणजे ६१६ एमबी, आणि त्यातली एक दर फ्रेमला, सेकंदाला ६० वेळा, नव्याने लिहायची. स्लिपीने मेलेच्या मेमरीत खेळाला खरंच लागणारा भाग कुठला हे शोधून तेवढाच साठवला. हे शोधकाम गेमनिहाय असतं आणि मेलेवर वर्षानुवर्षं खपलेली माणसं होती. डोरोन्जोसाठी तेवढी माणसं अजून जमलेली नाहीत.

त्याउलट फाइटकेडवरचे जुने आर्केड गेम. सीपीएस-२ सारखं कॅपकॉमचं जुनं आर्केड यंत्र आजच्या संगणकासाठी पोरखेळ आहे, एका फ्रेममध्ये आठ काय वीस वेळा चालेल. म्हणून नव्वदच्या दशकातला गेम आज ऑनलाइन २०१८ च्या गेमपेक्षा चांगला चालतो.

हाडोकेन_हडपसर
चारही टप्पे केले. केबलवर राउटरचा पिंग १ च्या आत. बाहेरचा पहिला पत्ता ९ ते ११. अपलोड चालू केल्यावर तोच ३४०. अपलोडचा वेग ४० एमबीपीएस.

लुकडी_केबल
लाइन उत्तम आहे, रांग तुंबतेय. तुमचा राउटर ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची मुक्त प्रणाली) घेत असेल तर त्यात एसक्यूएम नावाचं रांग सांभाळणारं पॅकेज टाका, प्रकार 'केक' निवडा, इंटरफेस वॅनचा, आणि अपलोडची मर्यादा ३५ घाला. मोजलेल्या वेगाच्या पंचाऐंशी-नव्वद टक्के, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागेल आणि बारक्या पॅकेटना पुढे काढता येईल. डाउनलोडलाही तोच नियम. राउटर तेवढा ताकदवान नसेल तर निदान फोटोंचा बॅकअप रात्री दोन वाजता लावा. मग तिसरा टप्पा पुन्हा करून आकडा इथेच टाका. ३४० चा ३० च्या खाली यायला हवा.